कारण सांगून दिलेलं फूल

मी त्याला फुलवाला समजले, तिथूनच सगळं सुरू झालं.

१९९८ सालची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. पंचवटीतल्या एका शाळेत रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मला एप्रिलअखेरपर्यंत नोकरी मिळाली होती. पहिल्या दिवशी गावातल्याच द्वारका चौकातून, मावशीच्या घरून रिक्षानं आले, तर फाटकाशी एक उंच, सावळा तरुण लूनावरून शेवंतीची टोपली उतरवत होता. इतकी टपोरी, पिवळीधमक फुलं की मला राहवेना. वेणीत माळायला एक द्या, म्हणाले.

"विकायची नाहीत, बाई," तो म्हणाला. "ही मिळवावी लागतात."

"कशी?"

"सहावी अ मध्ये बसून." आणि हसत आत निघूनही गेला. मी मात्र तशीच उभी... कानाच्या पाळ्या गरम झालेल्या.

दहा मिनिटांनी मुख्याध्यापिका लताबाईंनी ओळख करून दिली. हे झुंबर सर, सहावी अ. ह्या सुवर्णाबाई, सहावी ब. दोन्ही वर्गांत भिंत एकच. नाव ऐकून मी ओठ घट्ट मिटले, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. हसून घ्या, वर्गानंही पहिल्याच दिवशी हसून घेतलंय, म्हणाला.

माझी सहावी ब म्हणजे भरलेला बाजार होता. त्यात पूजा नावाची एक मुलगी, तिचं तोंड प्रार्थनेपुरतंच मिटायचं, तेही अर्धं. पट्टी आपटून माझा हात दुखायचा, घसा बसायचा. आणि भिंतीपलीकडून मात्र अधूनमधून दोनच टाळ्या ऐकू यायच्या, मग पुन्हा शांत.

एके दिवशी न राहवून मी खिडकीतून डोकावले. फळ्याच्या कोपऱ्यात तीन ओळी होत्या. बोलणाऱ्याचं ऐकायचं. हवं ते हात वर करून मागायचं. चुकलं तर आपणच सांगायचं. तेवढ्यात एक मुलगा उठला आणि म्हणाला, सर, खेळत बसलो, गृहपाठ राहिला. मला वाटलं, बसतोय आता धपाटा. झुंबर सरांनी टोपलीतलं फूल उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक स्वतःहून सांगितली म्हणून." वर्गानं दोन टाळ्या वाजवल्या. गृहपाठ तेवढा मधल्या सुट्टीत करून घेतला. खरं सांगते, इतका देखणा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पण शिकवा म्हणून सांगायला माझी जीभ वळेल तर शपथ. कुणाकडे काही मागायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. मी गपचूप बाजारातून फुलं आणली आणि जो दंगा करील त्याला एकेक देऊन गप्प बसवू लागले. आठवडाभरात शहाणी मुलंही बाक वाजवू लागली. पूजाकडे तर वेणीभर फुलं जमली.

शेवटी तोच व्हरांड्यात थांबला. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, मखमलाबादला आमच्या मळ्यात फुलं तोडायला नवी बाई आली, की आई आधी स्वतः एक फूल तोडून दाखवते, देठ असा बोटभर ठेवायचा. मग जिचं पहिलं फूल नीट निघेल तिला तिथल्या तिथे सांगते, हे बरोबर.

"आधी सांगायचं, मग दिसलं की लगेच द्यायचं, आणि कशासाठी ते मोठ्यानं बोलायचं," तो म्हणाला. "कारणाशिवाय फूल नाही. तुमचं फूल दंग्याला मिळतंय, बाई."

मी तीन ओळी फळ्यावर लिहिल्या. मुलांशी एकेक ओळीवर बोलले. दोन दिवस जीव मुठीत धरून काढले, आणि तिसऱ्या दिवशी बोलता बोलता पूजा थांबली, तिनं हात वर केला. मी धावतच फूल दिलं, कारण सांगितलं. दोन टाळ्या वाजल्या. ती दिवसभर ताठ बसून होती. संध्याकाळी माझ्या टेबलावरही एक शेवंती आली.

"कारण?" मी विचारलं.

"आज पट्टी एकदाही वाजली नाही. मी कान देऊन होतो."

"म्हणजे तुमचं लक्ष तुमच्या वर्गात नसतं तर."

"असतं की... थोडं इकडेही असतं."

मग रोज काही ना काही कारण निघायचं. आवाज चढला नाही म्हणून. पाढे गाऊन घेतले म्हणून. निळी साडी वर्गाला आवडली म्हणून – वर्गाला, असं तो दोनदा म्हणाला. मी खूप चिडवायची त्याला, आणि घरी जाऊन ती फुलं वहीत जपून ठेवायची.

फेब्रुवारीत शेवंती संपत आली. एका दुपारी त्यानं फूल पुढे केलं, पण बोलेना.

"कारण?"

"आज... कारण सांगता येत नाहीये."

"मग नियमात बसत नाही, सर," मी हसून म्हणाले आणि फूल त्याच्या हातात परत ठेवलं.

मला वाटलं, तो काहीतरी फिरकी घेईल. त्यानं मान हलवली आणि निघून गेला. त्यानंतर फूल आलं नाही. भिंतीपलीकडच्या टाळ्या मात्र रोज ऐकू यायच्या, आणि आता त्या ऐकल्या की मी शिकवता शिकवता थांबायची. एप्रिलमध्ये लताबाईंनी सांगितलं, झुंबर सरांना लांब हरसूलच्या सरकारी शाळेची ऑर्डर आलीय. मला वाटायचं, त्यानं पुन्हा विचारावं. पण त्यानं फूल पुढे करून एकदा विचारलं होतं. आता विचारायचं होतं मी, आणि मला तेच जमत नव्हतं.

निकालाच्या दिवशी मुलं गेल्यावर मी त्याच्या वर्गात शिरले. तो फळा पुसत होता. पहिली ओळ पुसून झाली होती. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि हात वर केला.

तो वळला. डस्टर हातात तसंच राहिलं.

"बोला."

"माझं चुकलं होतं. कारण कळलं होतं मला, तरी विचारलं. ते फूल... मला परत हवंय."

त्यानं टेबलावरचा हजेरीपट उघडला. फेब्रुवारीच्या पानात ती शेवंती होती, सुकून कागदाएवढी पातळ झालेली. ती घेऊन तो माझ्या बाकापाशी आला.

"मोठ्यानं सांगायचं असतं," मी म्हणाले.

"तुम्ही मला आवडता म्हणून," झुंबर मोठ्यानं म्हणाला. "फार आवडता."

मी फूल घेतलं. तेवढ्यात दारातून दोन टाळ्या वाजल्या. विसरलेली पाण्याची बाटली न्यायला पूजा परत आली होती.