ठोक्याने न पाहिलेल्या बायका

“अपचन. ताक घ्या, आराम करा,” असं सांगून ठोक्याने हिरवा दिवा लावला.

ठोक्या म्हणजे हृदयविकार ओळखणारा यंत्रमानव. गार्गीच्या आजोबांनीच तो गावच्या दवाखान्यासाठी बनवला होता. पण समोर बसलेल्या स्नेहलआत्याला दरदरून घाम फुटला होता. जबडा ठणकत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं. हे कसलं अपचन?

“तिचा ईसीजी (हृदयाच्या विद्युतलहरींचा आलेख) काढ,” गार्गी म्हणाली.

“रुग्ण स्त्री. छातीत दुखत नाही. गरज नाही.”

“गरज नाही म्हणे!”

“राहू दे गं, भात टाकायचाय घरी,” आत्या पुटपुटली.

“तू गप्प बस, आत्या.” गार्गीने पडद्यावरचं ‘स्त्री’ पुसून ‘पुरुष’ केलं. बाकी एक अक्षर बदललं नाही.

लाल दिवा लागला. “तातडीने ईसीजी.”

आलेख बिघडलेलाच आला. आत्याच्या हृद्‌रोहिणीत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत) गुठळी अडकली होती. रुग्णवाहिकेने तिला शहरात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी ती नळी मोकळी केली. आत्या वाचली.

आजोबा इस्पितळाच्या बाकावर खाली मान घालून बसले होते. लेक त्यांचीच होती.

“तुमचा ठोक्या खोटारडा आहे,” गार्गी म्हणाली.

“अर्धवट शिकलेला आहे. आपण जी विदा (नोंदींचा साठा) देऊ, तेवढंच यंत्र शिकतं. बाईला अशी लक्षणं आणि झटका, अशी नोंद त्याने पाहिलीच नाही.”

“का नाही पाहिली?”

“नोंदींची शिबिरं तालमीत भरवली. सकाळी सातला.”

“तालमीत बायका येतात होय? आणि सातला आई डबे भरत असते.”

“आठशे नोंदींत बायका फक्त एकोणीस. कित्येक बायकांना झटक्यात छातीत कळ येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण घाई होती. बायका आल्या नाहीत, असं अहवालात लिहून मोकळा झालो.”

“तुम्ही त्यांना बोलावलंच नव्हतं, आजोबा.”

आजोबा मान वर करून म्हणाले, “उद्यापासून लक्षणं असलेल्या प्रत्येकाचा ईसीजी निघेल, ठोक्या काहीही म्हणो. आणि नव्या नोंदी घ्यायच्या. कुठे बसू?”

“पिठाच्या गिरणीपाशी. दुपारी तीनला. विचारणार मात्र दवाखान्यातल्या नर्सताई. तुमच्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही.”

सोमवारी गिरणीपाशी पहिल्या काकू आल्या. नर्सताईंशेजारी गार्गी वही घेऊन बसली होती. तिचा राग अजून उतरला नव्हता.

“मला काही नाही बाई,” काकू म्हणाल्या, “जिना चढताना जरासा दम लागतो, एवढंच.”

“बसा,” गार्गी म्हणाली. “केव्हापासून लागतो?”