सत्तावीस नंबरची चावी

तळघरातून वर येणाऱ्या वाटेवरचा अडसर खाली पाडला होता आणि त्याच्या मागे अकरा गाड्या अडकून पडल्या होत्या. हॉर्न वाजवून वाजवून लोकांचे हात दुखले, तेव्हा ते हॉटेलच्या मॅनेजरला बोलायला लागले. मॅनेजर सगळ्यांना एकच उत्तर देत होता, की पोलीस येईपर्यंत एक चाकही हलणार नाही.

इन्स्पेक्टरबाई एका हवालदाराला घेऊन पावणेतीनला पोचल्या. हॉटेलचं तळघर बुटकं होतं, हवा पेट्रोलच्या वासाने जड झाली होती. कोपऱ्यात चाव्यांची खोली होती. खोली कसली, कपाटच म्हणा. तिला बाहेरून कडी घातलेली होती आणि आत मामा बसले होते.

मामा म्हणजे इथले व्हॅले. एकोणीस वर्षं लोकांच्या गाड्या लावत आलेले. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

मॅनेजरने एका दमात सगळं सांगितलं. साडेबाराला एक आर्किटेक्टसाहेब बहिणीबरोबर जेवायला आले आणि गाडी मामांकडे दिली. अडीचला मामांनी ती वर आणली. साहेबांनी डिकी उघडली, तर आतली बॅग गायब. बॅगेत त्यांच्या दिवंगत आईचं मृत्युपत्र होतं. एकच प्रत, नोंदणी नाही. मॅनेजरने गाडी परत खाली आणून लावली, चावी खुंटीला अडकवली आणि मामांना कोंडलं. मामांचे खिसे आणि कपाट तपासून झालं होतं. काहीच सापडलं नव्हतं.

"मग कोंडलं कशाला?" बाईंनी विचारलं.

"चावी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, मॅडम."

बाईंनी स्वतः कडी काढली. मामा स्टुलावर बसले होते, गुडघे भिंतीला टेकलेले. समोरच्या फळीवर ओळीने चाव्या लटकत होत्या. सत्तावीस नंबरच्या खुंटीवर करड्या प्लास्टिकच्या मुठीची एक सुटी चावी होती. जुडगा नाही, काही नाही.

"साहेबांनी दिली ती हीच?"

"हीच. चार वर्षं येतायत, दर वेळी हीच देतात. फार जपून असतात. उतरण्याआधी गॉगल काढून घेतात, चार्जर काढतात, छत्रीसुद्धा सोडत नाहीत." मामांनी खुंटीकडे पाहिलं. "माझी काही तक्रार नाही हं. जपावंच माणसाने."

"डिकी उघडलीत?"

"मी कुणाची डिकी उघडत नाही."

"उघडली नाही, हे पटवून कसं देणार?"

मामांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांच्यावर बोट उठलं नव्हतं. आज गुन्हा नोंदला गेला, तर उद्या या शहरात कुणीही त्यांच्या हातात चावी देणार नव्हतं, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. "ते मला जमायचं नाही, बाई," ते म्हणाले.

आर्किटेक्टसाहेब गाडीजवळ उभे होते. थोड्या अंतरावर त्यांची बहीण होती, डोळे सुजलेले. ताईंकडून बाईंना एवढं कळलं, की आईने घर ताईंच्या नावे केलं होतं. आई गेल्यावर दादाने घराला कुलूप लावलं, किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या, आणि आज जेवण झाल्यावर तो मृत्युपत्र हवाली करणार होता.

"बॅग डिकीत कुणी ठेवली?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"मीच. घरून निघताना. डिकीला कुलूपही मीच लावलं."

"वाटेत कुठे थांबलात?"

"कुठेच नाही. ताई आमच्या गेटपाशीच उभी होती, तिला घेऊन सरळ इथे."

"कुलूप फोडलेलं दिसत नाही."

"फोडायचं कशाला? चावी होती ना त्याच्याकडे."

"आणि तुमच्याकडची?"

"ती माझ्या खिशातून क्षणभरही हलली नाही." साहेबांनी खिशातून जुडगा काढला, त्यातल्या काळ्या चावीने डिकी उघडून रिकामी जागा दाखवली आणि पुन्हा बंद केली. सगळं अगदी बिनचूक.

बाईंनी मामांना बाहेर बोलावलं. येताना सत्तावीसची चावी आणा म्हणाल्या.

"आता डिकी उघडा."

"नको, बाई."

"मी सांगतेय ना."

मामांनी करडी चावी डिकीला लावली. ती फिरेना. उलटी करून पाहिली, तरी फिरेना. बाईंनी सीटशेजारचा डिकीचा खटका ओढायला लावला. तोही हलला नाही.

मॅनेजर चक्रावून गेला. बाईंनी मात्र साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"काही गाड्यांबरोबर अशी एक जादा चावी मिळते," बाई म्हणाल्या, "परक्याच्या हाती द्यायला. गाडी सुरू होते, दारं उघडतात, पण डिकी नाही. डिकीला आणि तिच्या खटक्याला काळीच चावी लागते, आणि ती तुमच्या खिशातून हलली नाही, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे मामांना बॅग काढताच आली नसती. कुणालाच आली नसती. बॅग डिकीत नव्हतीच."

"माझा काहीतरी घोटाळा..."

"घोटाळा झाला खरा. आळ घ्यायला तुम्हाला एक माणूस हवा होता, चावी हातात असलेला. पण गाडीतून उतरताना सवय आड आली. नेहमीसारखी करडी चावी दिलीत. छत्री सोडत नाही असा माणूस आईचं मृत्युपत्र डिकीत टाकून जेवायला बसतो, तिथेच मला खटकलं होतं."

तळघरात आता एकही हॉर्न वाजत नव्हता. ताई पुढे आल्या.

"फाडलंस का रे, दादा?"

"नाही. ऑफिसच्या खणात आहे. आईची सही होती त्यावर. हात धजला नाही."

ताई रडल्या. बाईंनी हवालदाराला खूण केली. मॅनेजर मामांची माफी मागू लागला, पण मामा केव्हाच अडसर वर करायला गेले होते. गाड्यांतली माणसं कधीची खोळंबली होती.

अकराही गाड्या निघाल्या. सत्तावीस नंबरची तेवढी राहिली. बाई म्हणाल्या, ती पोलीस ठाण्यात न्यावी लागेल. साहेबांनी खिशातला अख्खा जुडगा काढला आणि मामांच्या नजरेला नजर न देता पुढे केला.

मामांनी तो घेतला नाही.

"घराची किल्ली काढून घ्या, साहेब," ते म्हणाले. "ती अशी कुणाच्या हातात देऊ नये."

साहेबांनी जुडग्याची कडी उकलून आईच्या घराची किल्ली काढली. क्षणभर ती तळहातावर धरली आणि मग ताईंना दिली.