कळसाखालचा अंगठा

दिवा राहू द्या, पण तोंडं बंद. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठा.

माझ्या परांचीवरून आजवर एक माणूस पडलेला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे 'बांबू हलला असेल' असं मागाहून कुणी म्हणायला नको. सरकारी कचेरीच्या घुमटाला परांची मीच बांधली होती. वर सोन्याचा वर्ख लावायला जो माणूस होता, तो माझ्या चांगल्या ओळखीचा. हाताने तरबेज. तोंड मात्र हातापेक्षा मोठं.

मार्चची सतरा तारीख, मंगळवार. रात्री दोनला उठून त्याने चूळ भरली, वर्खाच्या वह्या खिशात घातल्या आणि निघाला. हे काम त्याच वेळेचं. तांब्याच्या पत्र्यावर संध्याकाळी रोगण लावतात, ते पहाटे तीनच्या सुमाराला बेताचं चिकट होतं. वाराही तेव्हाच पडलेला असतो. वर्ख नुसत्या श्वासानेही उडतो.

बरोबर बायकोचा भाऊ होता. त्याने शिडी लावून दिली आणि खाली दोरीपाशी बसला.

"दाजी, वर उस्ताद भेटले तर माझा नमस्कार सांगा."

"मेलेल्याला नमस्कार तूच सांग. तूही अंगठेबहाद्दर, तोही अंगठेबहाद्दर."

मेव्हणा हसला. मग हळूच म्हणाला, "त्यांचा अंगठा... खरवडलात?"

"खरवडला."

"राहू द्यायचा होता, दाजी."

"घुमट आता माझा आहे. तू दोरी धर."

हा उस्ताद म्हणजे त्याचा गुरू. चाळीस वर्षांपूर्वी हा घुमट त्यानेच मढवला होता. सही येत नव्हती, म्हणून कळसाखालच्या पट्टीवर त्याने ओल्या रोगणात उजवा अंगठा दाबला आणि वर वर्ख चढवला. अंगठ्यावर सुरीचा आडवा व्रण होता, तोही सोन्यात उतरला. या धंद्याचा रिवाज असा, की जुनं सोनं सगळं खरवडा, पण मागल्याचा अंगठा सोडा. आपला त्याच्या शेजारी ठेवा.

पण उस्ताद माणूस वाईट. याच्या हातून वर्ख फाटला की म्हणायचा, "हात आण." आतल्या नक्षीचा वर्ख घोटायचा गुळगुळीत दगड असतो, तो याच्या अंगठ्यावर घासायचा. कातडी सोलेपर्यंत. असं बारा वर्षं. वर चार लोकांत म्हणाला, "याचा अंगठा घुमटावर लागायचा नाही." ते याला जन्मभर सललं. म्हणून तर म्हातारा मेल्यावर यानं हे काम धडपडून मिळवलं. पट्टीवर एकच अंगठा राहणार होता. याचा.

तीनला दहा मिनिटं कमी असताना तो वर पोचला. वारा नाही. कपाळाला बांधलेला दिवा पट्टीवर धरला. बोटाचं पेर रोगणाला टेकवून उचललं. चिक् असा आवाज आला. रोगण तयार होतं.

आधी अंगठा, मग वर्ख. त्याने अंगठा पुढे केला...

तिथे एक ठसा आधीच होता.

ताजा. मधे आडवा व्रण.

संध्याकाळपासून वर कुणी आलं नव्हतं. शिडी आत्ता लावलेली. त्याने एक शिवी हासडली आणि सुरीने ठसा खरवडून काढला. मान उचलली. वीतभर पलीकडे दुसरा ठसा. तो खरवडला. अलीकडे तिसरा.

ठसे त्याच्याकडे येत होते.

"वर लक्ष दे रे!" तो खाली ओरडला.

"काय झालं, दाजी?"

काय सांगणार? काही नाही म्हणाला. ठसा तर ठसा, वरून वर्ख लावून बुजवून टाकू, असं ठरवलं. वही उघडली. वर्ख उचलायची मऊ केसांची कुंची काढली. कुंची आधी गालावरून फिरवतात, म्हणजे गालाच्या तेलाने वर्ख तिला धरतो. त्याने कुंची उचलली.

ती गालाला लागायच्या आधीच गालावरून काहीतरी फिरलं.

खरखरीत. गार. मधे एक आडवी रेघ.

तो हलला नाही. मागे वळायला जागाच नव्हती. मागे होतीच फक्त हवा...

वहीची पानं उलटायला लागली. वारा नव्हता. एकेक वर्ख उठला आणि काळोखात गेला.

मग कानाशी...

"हात आण."

त्याने हात पुढे केला. बारा वर्षांची सवय.

खाली मेव्हण्याला घासल्याचा आवाज आला. सावकाश. एकाच ठिकाणी. घुमटावरचा वर्ख कधी दगडाने घोटत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. हाक मारली. पुन्हा मारली...

आवाज उजाडेपर्यंत चालू होता. वर जायची मेव्हण्याची छाती झाली नाही. मी त्याला दोष देत नाही.

सकाळी मी स्वतः चढलो. तो डाव्या हाताने कळसाला मिठी मारून बसला होता. जिवंत. परांचीची एक गाठ सैल नव्हती. पट्टीवर ना ठसा, ना वर्ख. रोगण सुकून कोरडं ठाक. घुमट त्याच्याकडून गेला. पुढे दुसऱ्याने पुरा केला.

आता तो त्याच कचेरीत पहारेकरी आहे. रोज हजेरीच्या यंत्रावर उजवा अंगठा ठेवतो. यंत्र घेत नाही. साहेब म्हणाले, पूस. पुसला. धू. धुतला.

एकदा त्याने अंगठा माझ्यापुढे धरला. एकही रेघ नाही. घोटलेल्या सोन्यासारखा गुळगुळीत.

फक्त मधोमध एक आडवा व्रण. जुना, पांढरा पडलेला. चाळीस-पन्नास वर्षांचा असावा तसा.

त्याला आयुष्यात कधी सुरी लागली नव्हती.