बोर्गहिल्दचा ब्रोच

बाजारात पावांची टोपली पोचवायची, एवढंच काम होतं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या काठी दर शरदात आमचा व्हायकिंग बाजार भरतो. त्या दिवसांत सगळे जुन्या काळच्या वेशात येतात, कुणी बटणं, चेनी लावत नाही. झगे आणि शाली ब्रोचनेच अडकवायच्या. माझ्या खिशात बोर्गहिल्दचा ब्रोच होता.

तो तिच्या नवऱ्याने, आयलर्टने, स्वतःच्या भट्टीत घडवलेला. तोंड उघडं असलेलं लोखंडी कडं आणि त्यावर फिरणारी लांब सुई. सुई लोकरीतून आरपार घालायची आणि कडं फिरवून अडकवायचं. बोर्गहिल्द माझी जिवाभावाची मैत्रीण. उन्हाळ्यात ती गेली. शवपेटीतही शालीला हाच ब्रोच हवा, हे तिचं शेवटचं मागणं. आयलर्टला तिच्याकडे बघवेना, म्हणून त्याने ते काम माझ्यावर सोपवलं.

खोलीत मी एकटीच होते. इतकी देखणी वस्तू मातीत गंजून जाणार, असं मनाला समजावत मी ब्रोच खिशात टाकला. तिच्या शालीला माझा तसाच, पण पातळ पत्र्याचा, कारखान्यातला लावला. त्याची सुई धड अडकतही नव्हती. वर जुनिपरच्या झुडपाच्या सुवासिक डहाळ्या पसरल्या आणि झाकण लावायला माणसांना हाक मारली.

तेव्हापासून मन खात होतं. तरी आज तो मिरवायचा मोह आवरला नाही. पण आरशासमोर कितीही झटापट केली तरी सुई अडकेना. शेवटी तो परत खिशात ठेवला आणि शाल नुसती खांद्यावर गुंडाळून निघाले.

धुकं दाट होतं. लाकडी पुलावर टोपली दोन्ही हातांनी धरावी लागली. तेवढ्यात वारा उठला. शाल आता उडणार, असं वाटलं, पण ती जागची हलली नाही. अगदी कानाजवळ जुनिपरचा वास आला... मी खाली पाहिलं. ब्रोच शालीवर होता, घट्ट अडकवलेला.

पळत सुटावंसं वाटलं, पण पाय बाजाराकडेच चालत राहिले. पाववाल्या राग्नाने टोपली घेतली.

"अगबाई, भूत बघितलंस की काय? तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय!"

मला हसू आलं नाही. पलीकडच्या ऐरणीमागून आयलर्ट माझ्या खांद्याकडे बघत होता. मी जवळ गेले. ब्रोच लपवायचं बळच उरलं नव्हतं.

"हा... तुला कुणी लावून दिला?" त्याने हळूच विचारलं.

"मीच लावला."

"खोटं बोलू नकोस, गुनवोर. समोरून दुसऱ्याला लावता येतो, पण स्वतःच्या अंगावर तुझ्या उजव्या हाताला तो जमायचाच नाही. बोर्गहिल्द डावखुरी होती, म्हणून मी त्याचा पीळ उलटा ठेवला, कडं उलट्या दिशेने फिरवावं लागतं. मलासुद्धा स्वतःला कधी लावता आला नाही."

माझा हात ब्रोचकडे गेला.

"रोज स्वप्नात येते," तो म्हणाला. "शाल मुठीत धरून उभी असते. म्हणते, हा धरत नाही रे... थंडी वाजते. मला वाटायचं, माझ्याच कामात खोट राहिली."

त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. मी चोर होते आणि तो बिचारा स्वतःला दोष देत बसला होता. मी रडत सगळं सांगून टाकलं.

त्याने कडं फिरवायचा प्रयत्न केला. ते हलेना. मग बराच वेळ खटपट करून त्याने पकडीने ब्रोच सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"मला नको. जिचा आहे तिला दे."

टेकडीवरच्या चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या दगडापाशी मी हातांनी माती उकरली. ब्रोच खोल ठेवला, माती दाबली. "माफ कर गं..." एवढंच म्हणता आलं. उठले तेव्हा छातीवरचं ओझं खरंच उतरलं होतं. शाल मुठीत धरून मी टेकडी उतरले.

घरी पोचले आणि चूल पेटवायला मूठ सोडली. शाल घसरली नाही.

गळ्याशी माझा कारखान्यातला ब्रोच होता. पत्र्याला ओली माती, सुईत जुनिपरचं एक हिरवं पान. आयुष्यात कधी धड न अडकलेली ती सुई आता घट्ट बसली होती, उलट्या पिळाने.

तेव्हापासून मी ती शाल घालूनच झोपते. माझ्या उजव्या हाताने तो ब्रोच उघडत नाही.