आमराईतली मोजणी

ही गोष्ट ऐकीव नाही. इंद्रभानच्या हातात घडलेली आहे. अगदी खरी.

मे १९६३. दुपारचे तीन. चिखलीहून अमडापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची आमराई.

इंद्रभान मोजणीदार. नव्या वस्तीचा नकाशा त्यालाच द्यायचा होता. आमराई तोडली तर बत्तीस घरं. ठेवली तर चोवीस. सावली म्हणावी अशी तेवढीच जागा उरलेली. आणि रस्ता रुंद करताना उठवलेली बत्तीस कुटुंबं दोन पावसाळे तट्ट्यांच्या झोपड्यांत.

महिनाभर त्याने रेघा मारल्या, खोडल्या. शेवटी थकून झाडांवर काट मारली.

यादीत बत्तिसावं नाव कय्यूमचं. मोजणीत साखळीचं पुढचं टोक धरून चालायचा तोच.

"साहेब, फातिमा म्हणते, अवंदा घर नाही भेटलं त माहेरी जाऊन राहीन."

"मंग त सुटला तू! चाल बे, ओढ साखळी."

रीत साधी. पुढचा साखळी ताणतो, जमिनीत लोखंडी सळई रोवतो. मागचा तिथवर येऊन ती उपटून घेतो. जितक्या सळया, तितक्या साखळ्या.

दोन झाल्या. कय्यूम झाडांत दिसेनासा झाला.

साखळी ताणली गेली... सळई. उपटली.

पुन्हा ताणली गेली... पुन्हा सळई.

पाखरांचा आवाज नव्हता. कय्यूमची बडबडही नव्हती. इंद्रभानला बरंच वाटलं. मान खाली घालून तो उपटत गेला.

सातवी हातात आली, आणि मागून हाक आली...

"साहेब! एकटेच काऊन मोजून राह्यले? तुमाले सांगूनच त पाणी आणाले गेलतो!"

रस्त्याकडून कय्यूम येत होता. एका हातात लोटा. दुसऱ्या हातात दहांतल्या उरलेल्या आठ सळया.

इंद्रभानच्या हातातली साखळी अजून ताठ होती.

मग... हळूच सैल पडली.

त्याने मूठ उघडली. दोन सळया लोखंडाच्या. बाकीच्या पाच, आंब्याच्या ओल्या काड्या. चीक अजून गळत होता.

दोघंही धावले. पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं. धुळीत पाऊलही नव्हतं.

"बत्तीस घरांच्या नकाशावर सही करा, साहेब," कय्यूम म्हणाला. "मले भूत चालते. पावसात भिजणारी लेकरं नाही चालत."

त्या संध्याकाळी इंद्रभानने चोवीस घरांचा नकाशा दिला.

कय्यूम पुन्हा कामावर आला नाही. बायको-लेकरं घेऊन धाड गावाकडे गेला, म्हणतात.

आमराई आहे. लोक सावलीला बसतात. इंद्रभानने झाडं वाचवली, असं एकमेकांना सांगतात. तो त्या रस्त्याने जात नाही.

साखळी कुणी धरली, याचा विचार त्याने कधीच सोडून दिला. दुसरंच काही त्याला झोपू देत नाही.

ते जे कोण होतं, ते झाडं राखत होतं... की यादीत नाव नसलेलं कुणीतरी आपल्या घरापुरती जागा मोजून घेत होतं?