देखभाल करणाऱ्याचं नाव

परळच्या इस्पितळात रेडिएशनच्या रांगेत कादंबरी तात्यांची, म्हणजे वडिलांची फाइल सांभाळत बसली होती. सहज नजर गेली, तर शेजारच्या तरुणाच्या लॅपटॉपवर तिचंच नाव! खाली त्याचा शेरा चालला होता – "वीजपुरवठ्याचं वर्णन चौथ्यांदाही अपूर्ण."

"अपूर्ण नाहीये ते!" ती बोलून बसली.

तो वळला. डोक्यावर लोकरी टोपी, भुवया विरळ झालेल्या... डोळे मात्र लबाड.

"म्हणजे... तुम्ही कादंबरी?"

"आणि तुम्ही अवधूत. वर्षभर माझ्या जिवावर उठलेले."

लिनक्स या संगणकप्रणालीत वायरलेस चिप चालवायची, तर तिला वीज किती लागते, तिला जागं कुठल्या तारेवरून करायचं, हे आधी रीतसर लिहून द्यावं लागतं. लिहायची कादंबरी, खुसपटं काढायचा अवधूत. सगळ्या जगाला दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर दोघं भांडायची. आणि राहायला ती दादरला, तो नायगावला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

महिन्याभरात तात्यांचं रेडिएशन संपलं. कादंबरीच्या खेपा काही थांबल्या नाहीत.

"आता कशाला येतेस?" अवधूतने विचारलं.

"रिव्ह्यूला. तुझ्यात त्रुटी फार आहेत."

"सांग की."

"टोपी भयंकर. बोलणं तुसडं. आणि... तू समोर असलास की मला घरी जावंसं वाटत नाही."

"ही त्रुटी तुझ्यातली आहे," तो म्हणाला. पण कानापर्यंत लाल झाला.

गणपती गेले आणि डॉक्टरांनी अवधूतला सांगितलं, आता औषध फक्त दुखण्यापुरतं. आठवड्याने लिस्टवर अवधूतने सुचवलेला बदल आला. एकाच ओळीचा. चिपच्या वर्णनाच्या प्रत्येक दस्तऐवजात देखभाल करणाऱ्याचं नाव असतं. अडलेला माणूस त्यालाच लिहितो. अवधूतने स्वतःचं नाव खोडून कादंबरीचं घातलं होतं. मंजुरी आता तिनेच द्यायची होती.

अकरा दिवस तिने उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी ती नायगावला गेली. त्याच्या आईने चहा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"अडवून का धरलंयस गं?" त्याचा आवाज खोल गेला होता.

"चूक शोधतेय."

"सापडली?"

"नाही ना रे..." तिचा बांध फुटला. "राहू दे ना नाव. काय बिघडतंय?"

"कुणीतरी अडेल, मला लिहील. उत्तर येणार नाही. त्याला वाटेल, या माणसाला कुणाची पर्वाच नाही." तो दम खात थांबला. "तसं नको वाटायला, कादंबरी."

हे तिलाही पटत होतं. रडू त्याचंच येत होतं. तिने त्याचाच लॅपटॉप ओढला, आपल्या खात्यातून मंजुरीची ओळ लिहिली आणि खाली मराठीत – "माझं तुझ्यावर प्रेम आहे." पाठवून दिलं.

"वेडी आहेस का? लिस्टवरचं काही पुसता येत नाही!"

"माहितीये."

दहा मिनिटांत कुणा अनोळखी परदेशी माणसाचं उत्तर आलं – कृपया इथे इंग्रजीतच लिहावे.

अवधूत खोकला येईपर्यंत हसला. मग एकेक अक्षर शोधत त्याने त्या माणसाला इंग्रजीत कळवलं – "ती म्हणते, तिचं माझ्यावर प्रेम आहे. माझंही तिच्यावर आहे. बाकी बदल बरोबर आहे, घेऊन टाका."

संध्याकाळपर्यंत लिस्टवरच्यांनी तो बदल घेतला, आणि दस्तऐवजातून अवधूतचं नाव निघालं.