मलकपेठच्या संपात टाकलेला गळ

"उजव्या हातानं रॉड धरता आला तरच विशाखापट्टणमला येईन," बाबांनी जाहीर केलं. "डाव्या हाताची मासेमारी मला नक्को."

पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात चहाचा कपसुद्धा धरत नव्हता, आणि तिकिटं तर शनिवारची काढलेली. समुद्राच्या धक्क्यावर बसून एकदा गळ टाकायचा, एवढंच त्यांचं मागणं. नांदेडला गोदावरीत गळ टाकत वाढलेला हा माणूस. खाऱ्या पाण्यातला मासा त्यांनी फक्त ताटात बघितलेला.

आबिड्समधल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आम्ही यथेच्छ भांडलो. मी निवडलेला नाजूक गळ त्यांनी परत ठेवायला लावला.

"हा खाऱ्या पाण्यात गंजेल, माधू. स्टीलचा घे. आणि दोरी जाड. धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, बारीक दोरी कापूनच निघते."

"तुम्ही कधी पाहिलाय हो धक्का?"

"मोबाइलवर. रोज बघतो!"

दुकानदार हसला. "चच्चा कू सब मालूम है, आपा. शिसा भारी लेओ, उधर पानी खींचता."

बाबांनी शिशाचा गोळा डाव्या तळहातावर तोलून बघितला. तोंडावर अगदी नवरदेवाची खुशी. मग मीही भांडण सोडून दिलं.

रविवारी सकाळी अंगणातल्या संपावर रंगीत तालीम ठरली. जमिनीखालची ही टाकी माझ्या छातीइतकीच खोल. टँकरचं गोडं पाणी. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळं आत उतरून ती घासायचं कामही माझ्याच गळ्यात.

लोखंडी झाकण काढलं. मीठ लावून घट्ट केलेली कोळंबी बाबांनी माझ्याकडून गळात ओवून घेतली. रॉड त्यांच्या उजव्या हातात दिला, बोटं एकेक करून मीच मिटली आणि शिसं सोडलं.

दोरी सुटत राहिली. रीळ गरगरा फिरत होतं.

"तळ लागला का गं?"

"गुंता झालाय कुठंतरी," मी म्हणाले. गुंता नव्हता. दोरी सरळ खाली चालली होती.

कधीतरी रीळ थांबलं. पाण्याला ओल्या जाळ्यांसारखा वास येत होता. मी बोट बुडवून चाखलं. खारट. चिमूटभर मिठानं अख्खा संप खारट होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात रॉडचं टोक वाकलं.

"लागला! अगं, लागला!"

कप न धरणारी ती बोटं रॉडवर पांढरीफटक झाली होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वासाचं, चवीचं मी साफ विसरले.

"धरा बाबा! सोडू नका!"

ओढ वाढली. रॉड कमानीसारखा झाला. मग एकदम सैल.

गळ वर आला तेव्हा कोळंबी गायब होती.

"गेला लेकाचा! पण काय जोर होता!" बाबा लहान पोरासारखे खिदळत होते. "शनिवारी निघायचं, बघ!"

आनंदानं मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. पकड परत आली होती. चांगली घट्ट. गार.

माझ्या हाताला खाली, संपाच्या तोंडाकडं, एक हिसका बसला. जरा थांबून आणखी एक.

"पुरे बाबा, दुखतंय," मी हसत म्हणाले. "सोडा आता माझा हात."

बाबा अजून हसतच होते.

"अगं, मी कुठं धरलाय?"